मी एक झाड वाचवलं, तेव्हा

डेन्मार्कमध्ये झाड तोडायला वनविभागाची परवानगी लागत नाही, हे मला कोणीही आधी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे, म्हणजे राजुऱ्याला, घरामागचा साग आडवा करायचा तरी वनरक्षकापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या पाया पडावं लागतं. मग पंचनामा, मग ओंडक्यावर सरकारी हातोड्याचा ठसा, मग वाहतूक परवाना. त्यातून माझे बाबा पत्रकं काढणारे. जंगल वाचवा, नदी वाचवा, खाणीची धूळ थांबवा! (प्रत्येक वाक्यामागे तीन उद्गारचिन्हं. दोनच टाकली तर बाबांना ती माघार वाटायची.) इतर मुलं अंकलिपीवर वाचायला शिकली, मी 'बंधू आणि भगिनींनो'वर शिकले. बाबांच्या पत्रकांना गावात मोठी मागणी होती. विशेषतः चौकातल्या भज्यांच्या गाडीवर.

अशी मी, दोन हजार सालाच्या आसपास, एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर डेन्मार्कच्या एका निवासी शाळेत पोहोचले. डिसेंबर आला आणि नाताळसाठी वसतिगृहाला दोन आठवडे कुलूप लागलं. सगळ्या मुली आपापल्या घरी गेल्या. मला शाळेनं एक घर नेमून दिलं. घरात बिर्गिटबाई, त्यांचा नवरा योर्गन, योर्गनची म्हातारी आई आणि सहा वर्षांची लीने. त्यांनी मला खोली दिली, लोकरीचे मोजे दिले, दारावर रंगीत खडूनं माझं नावसुद्धा लिहिलं. (चुकीचं, पण किती प्रेमानं!)

तिथं दुपारी साडेतीनलाच अंधार पडायचा, आणि अंधार पडला की मला राजुरा आठवायचं. म्हणून मी एकच गोष्ट ठरवली होती. या दोन आठवड्यांत असं वागायचं, की या माणसांनी मला पाहुणी न समजता घरातली समजावं. हा निश्चय दीड दिवस टिकला.

तेवीस तारखेला आम्ही सगळे गाडीत बसून सणाचं झाड आणायला निघालो. मला वाटलं, दुकानातून आणायचं. गाडी थांबली ती थेट झाडांच्या मधोमध! हिरवीगार, माझ्याहून हातभर उंच, बर्फानं लदलेली झाडं. लीने धावत जाऊन एकाला बिलगली. योर्गननं डिकीतून करवत काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"यंदा तू काप," तो इंग्रजीत म्हणाला. "दर वर्षी घरातलंच कोणीतरी कापतं."

घरातलंच! हेच तर मला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "परवाना कुठे आहे?"

"कसला?"

"तोडायचा! आणि वाहून न्यायचा!"

तेवढ्यात झाडांचा मालक आला. त्यानं नम्रपणे सांगितलं, "बाई, ही मीच लावलीत."

"लावली म्हणून तोडायची?" मी कडाडले. "हे झाड नाही, येणाऱ्या पिढ्यांचा श्वास आहे!!!" (तिन्ही उद्गारचिन्हं स्पष्ट ऐकू आली.) आणि मी झाडाला मिठी मारली.

वरचा सगळा बर्फ माझ्या मानेतून आत गेला. तरी मी हटले नाही. पुढे हटायची इच्छा झाली, तेव्हा हटता येईना. बिर्गिटबाईंचा कोट, जो मी घातला होता, झाडाच्या चिकाला घट्ट चिकटला होता. शेवटी योर्गननं मला कमरेला धरून ओढलं आणि मालकानं झाडाला धरून ठेवलं. आजूबाजूच्या कुटुंबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भारतात झाडाला असाच निरोप देतात.

आता जुंपणार, या तयारीनं मी उभी राहिले. आमच्याकडे असतं तर एव्हाना चार जणांनी मला वेड्यात काढलं असतं, दोघं माझ्या बाजूनं उभे राहिले असते आणि तासाभरानं सगळे मिळून चहा प्यालो असतो. इथं ते आपसांत हळू काही बोलले. योर्गननं करवत डिकीत ठेवली.

"तुला वाईट वाटत असेल तर नको," बिर्गिटबाई हसून म्हणाल्या. संपलं! बाबांनी वीस वर्षं पत्रकं काढून एकही आंदोलन जिंकलं नव्हतं, मी पाच मिनिटांत जिंकलं. परतताना गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही. लीने खिडकीबाहेर बघत होती. भांडायला कोणी नसलं की माणूस किती एकटा पडतो, हे मला त्या गाडीत कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, निदान शाबासकी तरी मिळावी म्हणून, मी राजुऱ्याला फोन लावला. फोन शेजारच्या टेलरच्या दुकानात होता. आईबाबा धावत आले.

"जय भीम, बाबा! मी झाड वाचवलं!"

"शाबास! कायचं झाड?"

"सणाचं होय. हे लोकं तोडून घरात आणतेत. मी मिठीच मारली, सोडलीच नाई!"

"कोनं लावलं होतं?"

"त्या मालकानंच. शेतात."

पलीकडे बाबांनी टेलरला शिलाई मशीन थांबवायला सांगितलं.

"म्हंजे पीक होय ते?" बाबा म्हणाले. "अवं पोरी, आपन धान कापतो तवा कोनी शेताच्या बांधीत येऊन धानाले मिठी मारते का? जंगल येगळं, शेत येगळं! माहं पत्रक पुरं वाचलं नाई का तू कधी?"

आईनं फोन हिसकावला. "काऊन वं, लोकायचा सण नासवला? काई बोलले का ते तुले?"

"नाई आई. कोनीच काई बोललं नाई."

"मंग तं लयच वाईट," आई म्हणाली. "बोलले असते तं बरं होतं."

मी धावत योर्गनकडे गेले. म्हटलं, चल, आत्ता जाऊ, मी कापते. त्यानं घड्याळ दाखवलं. सणासाठी सगळं बंद झालं होतं.

संध्याकाळी जेवण झालं आणि खरी पंचाईत समोर आली. तिथली रीत अशी, की झाड खोलीच्या मधोमध ठेवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी हात धरून, गाणी म्हणत, त्याभोवती फेर धरायचा. आता फेर कशाभोवती धरायचा? आधी उंच दिवा ठेवला. दुसऱ्याच फेरीत वायरीत आजींचा पाय अडकून तो आडवा झाला. मग कोट अडकवायची उभी खुंटाळी ठेवली; ती लीनेवर कलली. मग आजींनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बोट केलं.

मी नाही कशी म्हणणार? मी मधोमध उभी राहिले. लीनेनं माझ्या बाह्यांना कागदाची लाल बदामं टाचली, बिर्गिटबाईंनी गळ्यात चिमुकल्या झेंड्यांची माळ घातली, योर्गननं डोक्यावर तारा बसवला. गाणं सुरू झालं. सगळे मायेनं माझ्याकडेच बघत होते, आणि हात मात्र एकमेकांचे धरले होते. गडचिरोलीकडच्या गावांत लहानपणी मी आदिवासींचा रेलाचा नाच पाहिलाय. तिथं पाहुण्याला ओढून रांगेत घेतात. मलाही ओढलं होतं, पण माझ्या हातांत पत्रकं होती.

तिसऱ्या गाण्याला मला रडू फुटलं. योर्गनला वाटलं, तारा टोचला.

"मला पण हात द्या," मी म्हटलं.

"मग मध्ये कोण?" आजींनी विचारलं.

"मध्ये कोणीच नको!"

बिर्गिटबाईंनी एक हात धरला, लीनेनं दुसरा. त्या वर्षी आम्ही पाच जणांनी रिकाम्या जागेभोवती फेर धरला, आणि माझ्या बाह्यांवरची बदामं एकेक करून खोलीभर सांडली.

थोड्या वेळानं लीने पेंगुळल्या आवाजात आईच्या कानात काही म्हणाली. बिर्गिटबाई हसू लागल्या. मी विचारलं, काय म्हणते?

"म्हणते, पुढच्या वर्षी साधं झाड आणू. हे झाड फार भाषण करतं."