शब्द, भावंडांसकट

आमच्या घरात सकाळी पोळ्यांच्या आधी 'सॅड' होतं. मग 'अँग्री', मग 'प्राउड', आणि कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की 'अफ्रेड'. शेजारच्या वहिनींना वाटतं, मी उतारवयात परदेशी निघालेय. मी त्यांना काही सांगत नाही. धायरीतल्या या नव्या इमारतींच्या भिंती इतक्या पातळ आहेत की थोडा धीर धरला तर त्यांचं त्यांनाच कळेल.

मी शब्द विचारते आणि माझे यजमान त्याचे समानार्थी शब्द सांगतात. ते खडकीच्या बाजूला एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचे. वर्गात बहुतेक दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांची मुलं. त्यांची शिकवायची एक पद्धत होती. शब्द एकटा पाठ करायचा नाही, भावंडांसकट करायचा. ते फळ्यापाशी उभे राहून एकच शब्द टाकायचे, 'हॅपी', की अख्ख्या वर्गाने एका सुरात 'ग्लॅड, चिअरफुल, डिलाइटेड' म्हणायचं. त्यातही भावनांचे आणि स्वभावाचे शब्द त्यांचे फार लाडके. "राग आला की तुम्ही सगळे 'अँग्री'च का होता रे? जरा 'अनॉइड' होऊन बघा, स्वस्तात पडतं," असं ते मुलांना म्हणायचे. घरी मात्र त्यांना राग, लोभ, कौतुक असं काहीही झालं तरी चेहरा एकच असायचा, वर्तमानपत्र वाचतानाचा.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात थोडाफार परत आला. बोलण्याचं म्हणाल तर 'हं' आणि 'नको' एवढ्यावर संसार चालू होता. समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. यांचा आड काठोकाठ भरलेला होता, पोहराच तुटला होता. माझ्याकडे बघून ते ओठ हलवायचे, मानेच्या शिरा ताणायच्या, आणि मग ते खिडकीकडे तोंड फिरवायचे.

खरं सांगते, मला त्यांच्या गोड बोलण्याची आठवण येत नव्हती. गोड ते कधी बोललेच नाहीत. मला त्यांचे टोमणे हवे होते. "आज आमटी केलीस की नुसती आमटीची आठवण काढलीस?" माझ्या बहिणीचा फोन लांबला की, "संपलं का? की तिला इकडेच राहायला बोलावतेस?" जन्मभर मी त्या टोमण्यांवर चिडले, आदळआपट केली, आणि आता त्यातल्या एकासाठी जीव तळमळत होता. त्यांनी माझ्याकडे बघून, फक्त मला म्हणून, काहीतरी बोलावं. देवाकडे मी दुसरं काही मागत नव्हते.

मग एक दिवस त्यांचा जुना विद्यार्थी भेटायला आला. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, अर्धी सुट्टी रस्त्यात घालवून पोचला. सरांना तसं बघून त्याला काय बोलावं ते सुचेना. चहा झाला, बिस्किटं झाली, पंखा पाहून झाला. शेवटी तो खुर्ची पुढे ओढून, वर्गात बसल्यासारखा ताठ होत म्हणाला, "सर, हॅपी!"

आणि आतून कुणीतरी ढकलावं तसे हे म्हणाले, "ग्लॅड, चिअरफुल, डिलाइटेड."

माझ्या हातातली बशी पडली. तो मुलगा रडायलाच लागला. मग त्याने 'सॅड' विचारलं, 'ब्रेव्ह' विचारलं, आणि हे स्वच्छ, शुद्ध, वर्गातल्या आवाजात सांगत गेले. त्या संध्याकाळी मी शिरा केला.

घरी येणारी स्पीच थेरपिस्ट मुलगी दुसऱ्या दिवशी माझा उत्साह बघून जरा अवघडली. "काकू, हे बोलणं नाहीये, पाठांतर आहे. कुणाचं स्तोत्र शाबूत राहतं, कुणाचे पाढे. काकांचं हे राहिलंय. पण तुम्ही थांबू नका हं, रोज करा." मी म्हटलं, "थांबते कशाला?" माझं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. तरी त्यांचं शब्दांचं जुनं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि सुरू केलं.

ती म्हणाली होती ते मला लवकरच कळलं. 'अँग्री' विचारलं की ते 'अनॉइड, फ्युरिअस, एनरेज्ड' सांगत, आणि चेहरा देवळातल्या पुजाऱ्याइतका शांत. एका संध्याकाळी मी मुद्दाम 'लोनली' विचारलं. त्यांनी तीन शब्द सांगितले. शेवटचा होता 'फरलॉर्न'. तो मला ठाऊक नव्हता म्हणून मी डिक्शनरी उघडली. कुणीच उरलं नाही असा, टाकून दिलेला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. पण बाहेर आले तेव्हा लक्षात आलं की त्यांनी तो शब्द बसचा नंबर सांगावा तसा सांगितला होता. आपल्या माणसाच्या तोंडून दुःखाची सगळी नावं ऐकायची आणि त्याला दुःख होतंय की नाही ते मात्र कळू नये, याचा मला संताप यायचा.

श्रावणात मला ताप आला. घसा बसला, आवाज फुटेना. सकाळची वेळ झाली तशी मी सवयीने पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि बोलता येत नाही म्हणून ते त्यांच्याच मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने पान सपाट केलं. बराच वेळ बघितलं. मग मान वर करून म्हणाले, "लॉयल."

आणि थांबले. भुवया वर. उत्तराची वाट बघणारा मास्तर माझ्यासमोर बसला होता आणि वर्गात मी एकटी होते.

"फेथफुल," मी कसंबसं घोगऱ्या आवाजात म्हटलं. त्यांनी मान हलवली. "डिव्होटेड." पुन्हा मान. तिसरा शब्द काही केल्या आठवेना. लॉयल म्हणजे जो सोडून जात नाही तो. जागचा हलत नाही, कितीही हाकललं तरी. असा एक शब्द मी वाचला होता, स्वभावाच्याच पानावर. मी अगदी खात्रीने म्हटलं, "स्टबर्न."

त्यांनी 'च्' केलं. डावा हात वर गेला, ओठ वाकडे झाले, कपाळाला घाम आला. मी मदत करायला तोंड उघडलं, तर त्याच हाताने मला गप्प केलं.

"चूक," ते म्हणाले. मग खूप वेळाने, एकेक शब्द ओढून काढत, माझ्याकडे रोखून बघत, "हट्टी... तू. हे... वेगळं."

मी तापात होते, पण भ्रमात नव्हते. ते मराठीत बोलले होते, माझ्याशी बोलले होते, आणि वर मला नावं ठेवली होती. मी इतकी हसले की खोकल्याची उबळ आली. ते मात्र वैतागून पुस्तकात बघत होते. वर्गात हसलेलं त्यांना कधीच चालत नसे.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी 'हॅपी' म्हटलं आणि मी लगेच 'हंग्री' ठोकून दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. तिसऱ्या दिवशीही तेच. मी विचारायचं तेवढं विचारून पाहिलं, चिडवून पाहिलं. हूं नाही की चूं नाही. सोंग घेणारी पोरं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत. ठरवून केलेल्या चुकीला ते किंमत देत नाहीत.

म्हणजे चूक खरी व्हायला हवी, आणि खरी चूक व्हायला आधी काहीतरी यावं लागतं. म्हणून हल्ली दुपारी ते झोपले की मी मन लावून अभ्यास करते. अवघड पानं घेते, जिथे चुकण्याला वाव आहे. पण या वयातही डोकं चालतंय माझं, काय करू. परवा माझं विचारून झाल्यावर त्यांनी पानभर शब्द विचारले आणि माझं एकही उत्तर चुकलं नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली, पुस्तक मिटलं आणि डोळेही मिटून घेतले. मी तिथेच बसून राहिले, पैकीच्या पैकी मार्क मिळवून.