आज बॅगा यांच्या गळ्यात

गारखेड्यातल्या मैत्रिणींनो, सध्या मी रशियात आहे. लेक यारोस्लाव्हल नावाच्या जुन्या शहरात डॉक्टरकी शिकते, तिला भेटायला आम्ही दोघं आलोय.

सकाळी एक जुनं चर्च बघायला गेलो. दारातच हे सवयीनं म्हणाले, "तू थांब, बूट सांभाळ."

लेक हसली. "पप्पा, इथं बूट काढतच नाहीत!"

मग मीही डोक्यावर पदर घेऊन आत गेले. भिंती पार छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या. लई वेळ बघत राहिले.

बाहेर घंटेचा उंच मनोरा होता. हे लगेच म्हणाले, "तुझे गुडघे दुखतात. बॅगा घेऊन खाली बस."

वेरूळला मी चपला सांभाळल्या, दौलताबादला पिशव्या. आत काय, वर काय, सगळं नंतर यांच्या फोटोत बघितलं. आज मात्र बॅगा यांच्या गळ्यात अडकवल्या. म्हटलं, "तुम्ही बसा, मी येते जाऊन."

गुडघे ठणकले, मधे दोनदा टेकले, पण चढले. वरून सोनेरी घुमट दिसले, व्होल्गा नदी दिसली, आणि खाली बाकावर बॅगा सांभाळत बसलेले हे दिसले.

आता परत आल्यावर पहिल्याच रविवारी दौलताबाद, पार वरच्या तोफेपर्यंत. कोण कोण येतंय? नवऱ्यांनाही आणा. बॅगा सांभाळायला कुणीतरी लागेलच.