वीतभर गवत

तो गवत कधी उभ्याने बघत नसे. आधी उकिडवा बसे, मग हाताची वीत लावे. फाटक बंद करून निघाला की अर्ध्या वाटेतून परत येई आणि कडी ओढून बघे. चहा निम्मा पिऊन विसरे. दातांत काडी धरून बोले, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं फक्त गायींनाच कळत असावं. शेण बुटाच्या टोकाने चाचपून ‘काल फार कोवळं खाल्लंत’ असं तो गायीला सांगे. गायींना अहो-जाहो आणि माणसांना अरे-तुरे, असा त्याचा रिवाज होता.

दूधगाडीवाला त्याला फूटपट्टी म्हणे. अगदी तोंडावर.

त्याने कुरणाचे तारेने तुकडे पाडले होते. गवत वीतभर झाल्याशिवाय गायी आत सोडायच्या नाहीत. चार बोटं उरलं की बाहेर काढायच्या. मग त्या तुकड्याकडे कुणी फिरकायचं नाही. या नियमापुढे तो पाहुण्याचं ऐकत नसे, आजाऱ्याचं ऐकत नसे, स्वतःचंही नाही. पण त्याच्या गायी भरल्या कासेने घरी येत, त्यामुळे बोलणार कोण?

तारेपलीकडे धाकट्या बहिणीचं शेत होतं. तिची एकच गाय, तांबडी, बारा महिने तिथे मोकळी फिरे. गाय आधी गोड गवत शोधते. ते जरा डोकं वर काढतं की पुन्हा खाते. असं करता करता गोड गवत मुळासकट संपलं आणि राठ तेवढं राहिलं, तारेसारखं, तोंडाला टोचणारं. त्या वर्षी ऊन लांबलं आणि तेही पिवळं पडलं.

एका सकाळी बहीण दोरी हातात घेऊन कुंपणापाशी आली. मागे तांबडी, तिच्या मागे वासरू.

“दादा, तो खालचा तुकडा हिरवा दिसतोय. हिला दोन दिवस सोडू दे. वासरू लुचतंय आणि हिच्या पोटात काही नाही.”

तो खाली बसला. वीत लावली. “अजून दोन बोटं कमी आहे.”

“दोन बोटांसाठी नाही म्हणतोस?”

“आत्ता खाल्लं तर पुन्हा फुटणार नाही. ऊन बघ. मूळ जळेल. आठवडाभर थांब.”

“गवताला थांबता येतं रे. गाईला येतं का?”

“किती वर्षं सांगतोय, तुकडे पाड, तुकडे पाड. ऐकलंस कधी?”

तिने दोरी हाताभोवती गुंडाळली आणि गाय वळवून निघून गेली.

त्याच्या गोठ्याच्या माळ्यावर वाळलेल्या गवताचे भारे रचलेले होते. त्यातले दोन खाली टाकावेत हे त्याला सुचलंच नाही. तिने तुकडा मागितला होता, त्याने तुकड्याचं उत्तर दिलं.

मग एक दिवस दूधगाडीवाल्याने सांगितलं, “फूटपट्टी, तुझ्या बहिणीकडे आता थांबायचं नाही मला. गाय विकली तिने. वासरासकट.”

तो तसाच तिच्याकडे गेला. गोठा झाडून झाला होता. ती गव्हाण धूत होती.

“आलास?” ती मान वर न करता म्हणाली. “वीत आणलीस का?”

तो आल्या पावली मागे फिरला. घरी आल्यावर त्याची नजर माळ्याकडे गेली. तेव्हा त्याला भारे दिसले.

खालचा तुकडा वीतभर झाला. त्याने फाटक उघडलं. पहिली गाय आत शिरायच्या आत त्याने तिला शिंगाला धरून मागे फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. बहिणीच्या गाईला नाकारलेलं गवत आपल्या गाईंना घालायचं त्याच्या हातून होईना. गवत गुडघ्याला लागलं, त्याला तुरे आले, देठ कडक झाले.

“गवत काय लग्नाला ठेवलंयस?” दूधगाडीवाला हसला. त्याला मात्र हसू आलं नाही.

शेवटी त्याने गायी सोडल्या. त्यांनी हुंगलं, शेंडे कुरतडले, बाकीचं तुडवलं आणि फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. जपून ठेवलेलं गवत तांबडीच्याही पोटात गेलं नाही, यांच्याही नाही.

त्या संध्याकाळी तो बहिणीच्या स्वयंपाकघराच्या दारातच बसला.

“माळ्यावर भारे होते,” तो म्हणाला. “मला सुचलं नाही.”

ती भांडी पुसत होती. “मला दिसत होते. कुंपणापासून दिसतात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझ्या तोंडून यावं म्हणून थांबले होते. आठवडाभर थांब म्हणालास ना?”

त्याने दातांतली काडी काढली. मग तो म्हणाला, “तुझं शेत मी पेरून देतो. गोड गवत, आणि मधे तीन पानांचा घास. तुकडेही मीच पाडतो. उगवलं की माझ्यातली एक गाय तुझी. हवी ती निवड.”

“गाय नंतर. आधी गवत दाखव. नुसत्या बोलण्याने कुणाची कास भरत नाही, दादा.” पण तिने चहा टाकला, आणि त्याने तो संपवला.

पाऊस होऊन गेल्यावर त्याने राठ गवत उपटलं, जमीन उकरली, ढेकळं फोडली. बी हाताने फेकायचा, पाठीमागून फांदी ओढून मातीआड करायचा. ती बांधावरून म्हणायची, “दाट पडतंय,” आणि तो चक्क ऐकायचा.

अशाच एका दुपारी पाणी प्यायला म्हणून तो बांधावर टेकला. बहीण तांब्या घेऊन पोचली तेव्हा त्याचा प्राण गेलेला होता. आदल्या दिवशीपर्यंत त्याला साधा खोकलाही नव्हता.

विहिरीकडचा भाग पेरून झाला आहे. तिथे हिरवं पोपटी काहीतरी वर येतंय. रस्त्याकडचा भाग उकरून, ढेकळं फोडून तयार आहे. तिथे बी पडलेलं नाही.