सात वाजताची कन्नड मालिका

बायको वारली तो मंगळवार होता. सकाळी सोलापूरच्या दवाखान्यात ती वारली, दुपारी आम्ही तिला परंड्याला आणलं आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. तेरा दिवस घरात टीव्ही लावला नाही. चौदाव्या दिवशी पाहुणे गेले, मुलगा पुण्याला गेला, आणि संध्याकाळी सात वाजता मी टीव्ही लावला.

मला टीव्हीची सवय नव्हती. नोकरीभर मी हायस्कुलात भूगोल शिकवला आणि शाळेची पुस्तकांची कपाटं सांभाळली. घरी आलो की खिडकीजवळ खुर्चीत वाचत बसायचो. उजेड खिडकीतून येतो म्हणून खुर्चीची पाठ टीव्हीकडे. त्यामुळे इतक्या वर्षांत मी टीव्ही पाहिला असं म्हणता येणार नाही, तो माझ्या पाठीमागे चालू असायचा. जाहिराती लागल्या की ती मला काय झालं ते सांगायची आणि मी बोट पानावर ठेवून हं म्हणायचो.

सात वाजता ती कन्नड मालिका बघायची. तिचं माहेर जळकोटच्या पुढे, सीमेला लागून. त्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात, कधी एकाच वाक्यात. परंड्यात तिच्याशी कन्नड बोलणारं कुणी नव्हतं. धाकट्या बहिणीशी फोनवर बोलायची तेवढंच, आणि ही मालिका. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी शिकलो का नाही, हे मला सांगता येत नाही. वेळ होता. पुस्तकंही मिळाली असती.

मालिकेची गोष्ट मला तिच्याकडून ठाऊक होती. मोठं घर, सुपारीची बाग, नवरा परगावी, आणि घराच्या किल्ल्या कमरेला लावून राबणारी थोरली सून. ही सून घर सोडून जाणार, जाणार, असं तीन आठवडे चाललं होतं. त्यातच बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं.

शनिवारी मुलगा आला आणि मला म्हणाला, तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून या, कपडे आणा. मी निघालो तेव्हा तिनं हाक मारली.

"आज सात वाजता बघा. ती जातीया का घर सोडून, तेवढं बघून या."

"मला काय कळणार त्यातलं?"

"डोळे हायत की तुम्हाला."

मी बार्शीमार्गे घरी आलो आणि सात वाजता खुर्ची फिरवून बसलो. जे दिसलं ते असं. त्या सुनेनं कमरेच्या किल्ल्या काढून देवापुढे ठेवल्या. हातात पिशवी घेतली. कुणाच्या पाया पडली नाही. उंबरा ओलांडला, फाटक ओलांडलं, आणि सुपारीच्या झाडांमधल्या वाटेनं चालत गेली. सगळीकडे धुकं होतं. त्या मुलखात पहाटे असं धुकं उतरतं हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलेलं, त्यामुळे ती पहाटे निघाली असंही मी ताडलं. मग एका पांढऱ्या केसांच्या बाईचा चेहरा तीनदा दाखवला, तीनदा वीज कडाडली, आणि भाग संपला.

रविवारी सकाळी दवाखान्यात परतल्यावर मी तिला सांगितलं, "गेली."

"पाया पडली का कुणाच्या?"

"नाही. किल्ल्या देवापुढे ठेवल्या आणि गेली."

तिनं थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाली, "बरं झालं." त्यानंतर आमचं बोलणं झालं ते पाण्याचं, गोळ्यांचं, उशीचं. दुसरं काही मी तिला सांगितलं नाही.

आणि चौदाव्या दिवशी टीव्ही लावला तर ती सून त्याच घरात शेंगा निवडत बसलेली. कमरेला किल्ल्या.

मला वाटलं, परत आली असेल. मग वाटलं, हा मागचा काळ दाखवत असतील. मालिकांत एकाच चेहऱ्याच्या दोन बाया असतात असंही मी ऐकून होतो, म्हणून आठवडाभर मी ती हीच की दुसरी हे तिच्या हनुवटीवरून ताडत राहिलो. जुन्या वहीत रोज काय दिसलं ते लिहून ठेवायला लागलो. पांढऱ्या केसांची बाई आज ओरडली. मिशीवाला जिन्यावर उभा. सून रडली, कारण दिसलं नाही. मी बायकोला शेवटचं जे सांगितलं ते खरं होतं का, एवढंच मला हवं होतं. कुणाला विचारावं असं कुणी जवळ नव्हतं. मेहुणीला फोन करून, बहीण वारली त्या महिन्यात, मालिकेचं विचारायचं मला जमलं नाही.

टीव्ही कसा बघायचा असतो हे आपल्याला येत नाही, असं वाटून मी दुसरंही बघायला लागलो. सगळं समजेल अशा भाषेतलं आधी घ्यावं म्हणून मराठी मालिका लावली. शब्द सगळे कळले, आणि तरी मी हरवलो. तिथं एकजण एक वाक्य बोलतो आणि बाकीचे सात जण पाळीपाळीनं चेहरा करतात. आपल्याकडे कुणी तसं बोललं तर उरलेल्यांपैकी निम्मे उठून बाहेर जातील आणि एकजण जेवायला वाढू का विचारेल. घरात नेसलेल्या साड्यांना घड्या कशा राहतात, हेही मला कळलं नाही.

एका दुपारी दाक्षिणात्य मारामारीचा सिनेमा हिंदीत केलेला लागला. नायकाला मारायला वीसजण येतात आणि शिस्तीत एकेक करून पुढे होतात. शाळेत प्रार्थनेच्या वेळीसुद्धा मला अशी रांग लावता आली नाही. पण तो सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिला. कोण कुणाच्या बाजूचा ते त्यात पहिल्या दहा मिनिटांत कळतं, आणि तसंच राहतं. त्या दिवसांत मला ते बरं वाटलं.

मराठी खेड्यावरचा एक सिनेमा पाहिला. बक्षीस मिळालेला होता म्हणे. त्यातली माणसं दर वाक्याला लई म्हणत होती, पण ते गाव कुठलं ते ठरेना. बोली एका जिल्ह्याची, डोंगर दुसऱ्याचे, आणि घरातली भांडी बाजारातून कालच आणल्यासारखी. एका प्रसंगात मात्र एक म्हातारा बैलाला दावणीला बांधतो आणि गाठ मारल्यावर तिच्याकडे बघतही नाही. तेवढं खरं होतं. तो म्हातारा पुन्हा दिसेल म्हणून मी उरलेला सिनेमा बघितला, तो दिसला नाही.

गाण्याच्या स्पर्धेत गाणं संपायच्या आत परीक्षक रडतात. स्वयंपाकाच्या कार्यक्रमात घास तोंडात घातला की डोळे मिटून वर बघतात. आमच्याकडे भाजी चांगली झाली तर कुणी काही बोलत नाही, ताट पुढे करतात. ती पण कधी विचारायची नाही कशी झाली म्हणून. मी कधी सांगितलं होतं का, हे आठवत बसलो आणि तो कार्यक्रम संपला. देवांच्या मालिकेत देव सगळा वेळ हसत असतात, राक्षस मरतानाही. मला त्यातलं एक आवडलं. समोरच्याचं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय दुसरा बोलत नाही.

प्राण्यांचा कार्यक्रम मी सर्वांत जास्त पाहिला. एक हरणी गवतात उभी असते आणि सांगणारा म्हणतो, आता तिला आपल्या पाडसाची काळजी लागली आहे. हे त्याला कसं कळलं, असं मी रोज मनात म्हणायचो, आणि सात वाजता वही उघडून तेच करायचो.

तिसऱ्या महिन्याच्या मासिकाला मेहुणी आली. सकाळी ताट झालं, दुपारी ती थोडी पडली, आणि संध्याकाळी तिनं चहा केला. सात वाजता मी टीव्ही लावला तशी ती कप हातात धरून माझ्याकडे बघायला लागली.

"दाजी, तुम्ही हे बघता व्हय?"

"रोज."

"कळतंय काय?"

"थोडं थोडं."

"काय कळतंय सांगा बरं."

मी सांगितलं. पांढऱ्या केसांची ती सासू, तिला सून नको आहे, रोज तिच्यावर ओरडते. मेहुणीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले.

"सासू न्हाय ती. आत्या हाय. आन् तीच तर एकली सुनंच्या बाजूची हाय. आवाजच तसला हाय बिचारीचा."

"मग आता भांडते कशाला?"

"भांडत न्हाय. भाजीत मीठ घातलं का म्हणून इचारतिया."

मीही हसलो. घरात तीन महिन्यांनी कुणीतरी हसत होतं. मग जाहिराती लागल्या, आणि मी विचारलं, "ही घर सोडून गेली होती ती परत कधी आली?"

"कुठं गेली? गेलीच न्हाय ती."

"मी बघितलं ना. शनिवारी. किल्ल्या ठेवल्या, पिशवी घेतली."

"ते व्हय." तिनं कप खाली ठेवला. "ते तिच्या मनातलं होतं, दाजी. सोमवारी दाखवलं की पुढं. उंबऱ्यातच हुबी. हातात पिशवी बी न्हाय."

"मनातलं आहे हे कळायचं कसं?"

"धूर सोडतेत की कडंनं. लेकरांना बी कळतंय."

मी तिला धुक्याचं सांगितलं नाही. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती, ती संपेपर्यंत बघितली. मग म्हणालो, "मी तिला गेली म्हणून सांगितलं होतं."

"ठाऊक हाय मला."

"कसं?"

"रविवारी दुपारी अक्काचा फोन आल्ता. म्हणली, गेली बघ, हरलीस तू." मेहुणी पायाच्या बोटाकडे बघत बोलत होती. दोघींचा महिनाभर वाद चालला होता, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणायची सुनेनं जावं. मेहुणी म्हणायची, हातानं उभं केलेलं घर सोडून का जावं. रोज फोनवर हेच.

"मग तू काय म्हणालीस?"

"सोमवारचा भाग झाला की म्या फोन केला. अक्कानं इचारलं, आज काय दाखवलं? म्या म्हणलं, आज तिच्याबिगर घर सुनं सुनं दाखवलं. चुलीवर दूध उतू गेलं आन् बघायला कुणी न्हाय."

"पण असं काही नव्हतं."

"नव्हतंच. दवाखान्यातल्या माणसाशी कुणी वाद घालतं व्हय, दाजी?"

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार, ती वारली तो. म्हणजे तिनं ऐकलेली ती गोष्ट शेवटची, आणि ती आम्ही दोघांनी मिळून केलेली, एकमेकांना न विचारता. मला वाईट वाटलं की बरं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

"तिला खरं वाटलं का?"

मेहुणीनं टीव्हीकडे बघितलं. मालिका परत सुरू झाली होती, आत्या पुन्हा ओरडत होती. "हसली," ती म्हणाली. "म्हणली, तुझ्या दाजीला सगळं बरोबर समजलं म्हणायचं. आन् ठेवला फोन."

"थट्टेनं म्हणाली?"

"ते म्या कसं सांगू? तसलंच बोलायची ती. आमी भणी भणी, तरी मला बी कळायचं न्हाय."

मग मला जे विचारायचं होतं ते मी दोनदा मनात जुळवलं. पुस्तकांतल्या माणसांना असे प्रश्न नीट विचारता येतात. मी म्हणालो, "त्या बाईनं जावं असं तिला का वाटायचं? म्हणजे, इथं या घरात तिला..."

"दाजी," मेहुणी म्हणाली, "मालिका हाय ती."

तिनं कप उचलले आणि मोरीत नेऊन विसळले. मला पुढचं विचारता आलं असतं. ती खोटं बोलली नसती, असं मला वाटतं. पण बहिणीला सोमवारी तिनं जे सांगितलं ते ऐकल्यावर, मी आजारी नसलो तरी माझ्याशी ती वाद घालेल की मला बरं वाटेल तेच सांगेल, याची मला खात्री नव्हती. मी विचारलं नाही. ती परत येऊन बसली आणि उरलेला भाग तिनं मला वाक्यावाक्याला मराठीत सांगितला. तीन महिने लिहिलेल्या वहीतलं जवळजवळ सगळंच चुकलेलं होतं. मिशीवाला दीर नव्हता, घरावर डोळा ठेवून असलेला वकील होता. सून रडली होती त्या दिवशी तिच्या भावाचं लग्न ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती गेली. निघताना म्हणाली, "बघत जावा. न्हाय कळलं तर फोन करा. लाजू नका."

मालिका मागच्या महिन्यात संपली. शेवटच्या भागात सून घरातच होती. नवरा परत आला, वकिलाला पोलिसांनी नेलं, आणि सगळ्यांनी ओसरीवर उभं राहून फोटो काढला. मला तो शेवट पटला नाही. तिला पटला असता का, ते मला माहीत नाही.

आता सात वाजता त्या जागी दुसरी मालिका लागते. ती मी पाहतो. मला पन्नास-साठ कन्नड शब्द येतात. घरात मी एकटा आहे. मेहुणीचा फोन दर रविवारी येतो.