आधी पाय, मग वजन

हरी गेल्याचा फोन दुपारी आला, तेव्हा मी पावणे गावातल्या माझ्या घरी ओट्यावर बसून हरीवरच चिडत होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुमनचा. "दादा, हापिसात खुर्चीतच गेले..." एवढंच बोलली. चार महिने मी हरीशी बोललो नव्हतो. माझा धाकटा चुलतभाऊ, एका ताटात जेवून वाढलेला, आणि मी त्याला शेवटचं बोललो ते काय, तर "तू मानूस नाय, पायपुसनं हायस."

हरी महाप्याच्या एका कंपनीत माल पाठवायच्या खात्यात होता, बावीस वर्षं. त्यातली शेवटची तीन वर्षं नव्या साहेबाच्या हाताखाली. हा साहेब बाहेरच्यांशी इतका गोड, की वाटावं देवमाणूस. आत मात्र याचं त्याला सांगून दोघांना झुंजवायचा. काम चांगलं झालं की "मी केलं," बिघडलं की दुसऱ्याच्या माथी. रोज सकाळी सगळ्यांना उभं करून हसत हसत विचारायचा, "आज कोणाचा नंबर?" ज्याची चूक त्याचा फोटो बोर्डावर, आणि खाली मोठ्या अक्षरांत ती चूक. शिवी कधी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला उत्तर देता येतं. एकाला सोमवार आला की उलट्या व्हायच्या, एक बाई बाथरूममध्ये जाऊन रडून यायची.

मी कमी शिकलेला, कारखान्यात होतो. फोरमननं आईवरून शिवी दिली, मी त्याची कॉलर धरली आणि त्याच दिवशी घरी बसलो. पुढं जन्मभर वॉचमनकी केली, पण मान खाली घातली नाही. म्हणून हरीचं वागणं मला कळायचंच नाही. "सोड ना ती नोकरी. नायतर ठेवून दे एक त्याच्या कानाखाली." तो हसायचा. "मी सोडली तर हापिसातल्या पोरींच्या बाजूनं कोन हाय? आनि दादा, तुजा पाय अजून चिखलातच हाय."

ही चिखलाची गोष्ट आमच्या घरातली. लहानपणी माझे वडील आम्हा दोघांना खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला न्यायचे. ओहोटीच्या चिखलात पाऊल टाकायचं, खाली काय आहे ते तळव्याला कळेपर्यंत थांबायचं, मगच अंगाचा भार द्यायचा. "आधी पाय, मग वजन," वडील म्हणायचे. मी रागानं पाय उपटायला जायचो आणि मांडीपर्यंत रुतायचो. हरी थांबायचा आणि कोरड्यावर जाऊन माझी मजा बघायचा. तीच सवय त्यानं हापिसात नेली. साहेबानं बोलावलं की टेबलाखाली बूट काढायचे, तळवे फरशीला टेकवायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे, फरशीचा गारवा कळला की मग उठायचं. म्हणायचा, "तो बोलतो ते कानात जातं, अंगात नाय शिरत." मला ते सोंग वाटायचं.

पुढं माणसं आजारी पडायला लागली, तेव्हा कंपनीनं काय करावं? ध्यानाचा वर्ग ठेवला! सगळे डोळे मिटून बसलेले, आणि समोर साहेब मोबाइल चाळतोय. ऐकून माझं डोकंच फिरलं. धूर करणारानंच श्वास घ्यायला शिकवायचं? "आनि तू बसलास?" मी विचारलं. "बसलो," हरी म्हणाला. "श्वास माजा हाय, त्याचा नाय." त्यावर मी ते पायपुसण्याचं बोललो. तो चहा संपवून गेला...

दहावं झाल्यावर मी आणि सुमन त्याचं सामान आणायला गेलो. बोर्डावर हरीचा फोटो तसाच. खाली लिहिलेलं, 'चुकीच्या पत्त्यावर माल पाठवला.' शेजारच्या टेबलावरची सरिता, तीच ती रडून येणारी बाई, हळूच म्हणाली, "काका, ती चूक माझी होती. त्यांनी स्वतःवर घेतली. मला म्हणाले, चपला काढ, पाय टेक. तेव्हापासून मी रडले नाही."

तेवढ्यात साहेब आला. सुमनपुढं डोळे पुसले. "हरी माझ्या भावासारखा होता."

"मग भावाचा फोटो काढा," मी म्हणालो.

"काका, त्याची एक प्रोसेस असते. महिना संपला की बोर्ड बदलतो."

माझा हात वर जायला लागला होता. सुमन पुटपुटली, "दादा, पाय..." मी चपला काढल्या. फरशी खरंच गार होती. "फोटो काढा," परत म्हणालो, न ओरडता. मग तिसऱ्यांदा. शेवटी सरिता उठली, तिनं फोटो काढून माझ्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, ती चूक माझी होती." साहेब हसला. "मीच काढायला सांगणार होतो."

साहेब आजही तिथंच आहे. डॉक्टर म्हणाले, हरीला शुगर होती, बीपी होतं. असेल. पाय टेकला की माणूस बुडत नाही, हे मला आता पटलं. पण रोज रोज चिखल करणाऱ्याला कोणी विचारायचं की नाही? सरितानं किती दिवस फरशीच चाचपत बसायचं? हे हरीशी भांडायचं राहिलं...

फोटो आता माझ्या ओट्यासमोरच्या भिंतीवर आहे. खालची ओळ मी कापून टाकली. ओळखपत्रासाठी काढलेला फोटो, छातीपर्यंतचाच. येणारेजाणारे म्हणतात, हरी छान आलाय. मला तो अर्धा वाटतो. त्यात त्याचे पाय नाहीत.