भामा सिस्टर आणि कमळाबाईचं बटण

भामा सिस्टर पनवेलच्या एका छोट्या खासगी इस्पितळात नोकरीला होत्या. माहेर उरणकडचं, आईबाप मिठागरात राबलेले. ड्यूटीवर बोलणं अगदी शुद्ध, पण गावाकडचं कोणी भेटलं की जीभ आपोआप जुन्या वळणावर जायची. आवाज असा खणखणीत, की वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा पेशंट उठून बसावा. सुई हातात घेतली की मात्र तोच आवाज अंगाई म्हणावी तसा व्हायचा.

शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार असेल. कॅन्सरच्या काही पेशंटांना मुंबईत छातीच्या कातडीखाली एक लहानशी डबी बसवत. तिची बारीक नळी थेट मोठ्या शिरेत. हाताच्या शिरा औषधांनी करपून गेल्या की सगळं औषध त्या डबीतून द्यायचं. उपचार संपले तरी डबी लगेच काढत नसत. दुखणं उलटलं तर पुन्हा लागायची. पण दर महिन्याला खास वाकड्या सुईने ती धुवावी लागे आणि आत रक्त गोठू नये म्हणून औषध सोडून ठेवावं लागे. नाहीतर नळी तुंबते. हे काम भामा सिस्टर मुंबईला जाऊन शिकून आल्या होत्या.

पनवेलजवळच्या नेरे गावची कमळाबाई त्यांच्याकडे यायची. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या हाताला सुई वर्ज्य; उजव्या हातात शीर उरली नव्हती. डबीला ती बटण म्हणायची. "बगा गो शिस्टर, माजं बटन जागेवर हाय ना?" असं म्हणत पदर बाजूला करायची.

मग ती यायची थांबली. एक महिना गेला, दुसराही गेला. नेऱ्याचा जगन पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन यायचा, त्याला सिस्टरांनी गाठलं.

"ती नाय येनार आता," जगन म्हणाला. "तिच्या नवऱ्यानं, भगवानदादानं, गावदेवीला नवस बोललाय. बायको बरी झाली तर पुन्हा दवाखान्याची पायरी चढू देनार नाय. देवीनं आपलं काम केलं, आता ह्याची पाळी."

सिस्टरांना आधी राग आला. मग काळजी वाटू लागली. नळी तुंबली तर ती मोकळी करायला मुंबई गाठावी लागणार, आणि नवऱ्याने दवाखानाच बंद केलेला. उद्या दुखणं उलटलं तर औषध द्यायचं कुठून? त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "जा घरी," डॉक्टर म्हणाले, "पण अडलं तर जोर करू नका, सिस्टर."

सुट्टीच्या दिवशी सगळं सामान निर्जंतुक करून, बांधून घेऊन त्या एसटीने नेऱ्याला गेल्या. भगवान ओटीवर दोरी वळत बसला होता. पिशवी बघताच त्याचा चेहरा उतरला.

"शिस्टर बाय, पानी प्या, जेवून जावा. पन सुई नको. बरी हाय ती. बऱ्या मान्साला सुई टोचली तं दुखनं मागारी येतं."

"दादा, मागारी येऊ नाय म्हनून तं तुमी नवस केलाव," सिस्टर गावच्या बोलीत म्हणाल्या. "पन आलंच तं त्याला आडवायची वाट उघडी नको?"

"देवी रागावंल."

आतून कमळाबाई बाहेर आली. हात पिठाने भरलेले. "नवस तुमी बोललाव, पन बटन माज्या अंगात हाय! मना कोनी इचारलं काय? आनि रागावली तं माज्यावर रागावंल. तुमी कशाला भिता?"

भगवान दोरीकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "तुज्यावर रागावंल, त्यालाच भितो ना मी."

कमळाबाईने हात धुतले आणि खाटेवर जाऊन पडली. भगवानने तिला अडवलं नाही, पण आतही आला नाही.

सिस्टरांनी हात स्वच्छ केले, हातमोजे घातले, जागा पुसली. बोटांनी डबी धरून सुई आत घातली. सिरिंज मागे ओढली. रक्त आलं नाही. हळूच पुढे ढकलून पाहिलं, सिरिंजमधलं सलाईनचं पाणी जाईना. त्यांनी हात तिथेच थांबवला. "खोक जरा." कमळाबाई खोकली. "मान तिकडं कर." तिने मान वळवली. काही नाही.

"तुंबलं काय गो?" कमळाबाईने विचारलं.

दारात सावली पडली. भगवान उंबऱ्यापाशी उभा होता.

"दादा, हात धुवून या," सिस्टर म्हणाल्या. "हिचा उजवा हात डोक्यावर धरा. वर, आजून वर. नळीचं टोक शिरंला चिकटलं असंल तं सुटंल. माज्या हाताला लागू नका."

भगवान आला. त्याने बायकोचा हात दोन्ही हातांनी उचलला, काचेचं भांडं उचलावं तसा, आणि उशीच्या वर धरून ठेवला. कमळाबाईने डोळे मिटले. सिस्टरांनी पुन्हा सिरिंज हलकेच ओढली. सुईच्या नळीत लाल धागा दिसला, मग सरळ रक्त आलं.

"आलं," सिस्टर पुटपुटल्या. पाणी सुरळीत गेलं, मागोमाग औषधही. सुई निघाली तरी भगवानने हात सोडला नव्हता.

"सोडा आता," कमळाबाई म्हणाली, "लगनात पन येवढा वेल हात धरला नव्हता." सिस्टर इतक्या मोठ्याने हसल्या की परसातल्या कोंबड्या उडाल्या.

तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन सिस्टर निघाल्या. भगवान पिशवी घेऊन नाक्यापर्यंत सोबत आला. नाक्यावर आल्यावर म्हणाला, "खरं सांगा शिस्टर बाय, परत येल काय ते दुखनं?"

खोटा धीर द्यावा असं सिस्टरांना क्षणभर वाटलं. "नाय सांगता येत, दादा."

त्याने मान हलवली. गावदेवीच्या देवळाच्या दिशेने एकदा पाहिलं, हात जोडले, मग टमटमला हात केला. पिशवी स्वतः आत ठेवली आणि ड्रायव्हरला दरडावलं, "हिला पुढं बसव. आमचे घरची हाय. म्हयन्यानं परत येनार हाय, तवा पन जपून आन."