पाचवी वस्ती

चौसाळ्याच्या आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी दर वाक्याला मान हलवायचा, जणू स्वतःचाच ठराव मंजूर करतोय. दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, सोसायटीला कुलूप लागलं, तेव्हा त्यानं पुण्याला बिऱ्हाड न्यायचं ठरवलं. त्याआधी शहर बघायला मला सोबत नेलं. शनिवारवाडा त्यानं बसच्या खिडकीतूनच उरकला. वस्त्या मात्र पायी पाहिल्या. खोटाच पत्ता विचारत दारात उभा राहायचा आणि घाम पुसायचा. कुणी "पाणी पाहिजे का?" म्हणालं की मागं फिरायचा.

"इचारून पाणी देत्यात बे. आपल्याकडं टँकरचं पाणी असलं तरी तांब्या न इचारता पुढं येतो. हितं न्हाई ऱ्हायचं."

चार वस्त्या अशा बाद झाल्या. पाचवीत एका म्हातारीनं काही न बोलता तांब्या आणून दिला. तिथंच त्यानं खोली घेतली.

दोन वर्षांनी भर उन्हात त्याच्याकडं गेलो. चपला काढून बसलो, तेव्हा म्हणाला, "पाणी घेणार का?"

सकाळपासून घसा कोरडा होता. मी नको म्हणालो.

त्यानं मान हलवली.